गरिबाच्या घरात शब्द कमी असतात का?

गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत सधन घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं, हे वाक्य बालशिक्षणाच्या चर्चेत हमखास येतं. ते आलं अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतून. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी ४२ कुटुंबांत जवळपास अडीच वर्षं, दर महिन्याला एक तास ध्वनिमुद्रण केलं आणि १९९५ मध्ये निष्कर्ष मांडले. उच्चशिक्षितांच्या घरी मुलाच्या कानावर तासाला सरासरी २,१५३ शब्द पडत, सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरी ६१६. तासांचे दिवस, दिवसांची वर्षं असा गुणाकार करत गेलं की तीन कोटी निघतात. एवढे शब्द प्रत्यक्ष कोणी मोजले नव्हते, आणि मदतीवरची कुटुंबं होती अवघी सहा!

या मोजणीचा सगळा रोख आईबाप मुलाशी काय बोलतात यावर होता. यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यात ही फूटपट्टी लावून पाहा. माय कापूस वेचायला गेली की पोट्टं दिवसभर आजी-आबाजीजवळ, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर. शेजारची काकू येता-जाता त्याला चिडवणार, चुलत भावंडं खेळात ओढणार. फक्त मायचे शब्द मोजले तर हे घर मुकं ठरेल. २०१९ मध्ये डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्याच पाच वस्त्यांत इतर माणसांचं आणि आसपासचं बोलणंही मोजलं, तेव्हा उत्पन्न आणि शब्दसंख्येचं नातं तितकं सरळ राहिलं नाही. एकाच आर्थिक स्तरातल्या घराघरांतही मोठी तफावत निघाली.

पण म्हणून गलका म्हणजे भाषाशिक्षण, असं समजायचं कारण नाही. अॅड्रियाना वाइस्लेडर आणि अॅन फर्नाल्ड यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या २९ कुटुंबांतल्या तान्ह्यांचं दिवसभराचं ध्वनिमुद्रण केलं. बहुतेक सगळी घरं कमी उत्पन्नाची. एका घरात मुलाशी दिवसभरात १२,००० च्या वर शब्द बोलले गेले, दुसऱ्या घरात ६७०. ज्यांच्याशी थेट जास्त बोललं गेलं, ती मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा त्यांचा शब्दसाठा मोठा होता. मोठ्यांच्या आपसातल्या, नुसत्या कानावर पडलेल्या बोलण्याचा असा परिणाम दिसला नाही.

हे कसं घडतं? ‘गाय पाणी पिते’ हे ऐकताना ‘गाय’ पटकन ओळखली तर पुढच्या शब्दांकडे लक्ष द्यायला उसंत मिळते. ‘गाय’पाशीच अडखळलं तर बाकीचं वाक्य निघून जातं. फर्नाल्ड यांना या ओळखण्याच्या वेगात दीड वर्षाच्या मुलांमध्येच आर्थिक स्तरानुसार फरक दिसला होता, आणि दोन वर्षांच्या वयात तो सहा महिन्यांच्या वाढीइतका भरला. तेव्हा फरक खोटा आहे, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. पुढे २०१८ मध्ये रेचल रोमिओ यांच्या गटाने चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या मेंदूची चित्रं घेतली. ज्या मुलांचं मोठ्यांशी आलटून-पालटून बोलणं जास्त, त्यांच्या मेंदूतला ब्रोका हा भाषेचा भाग गोष्ट ऐकताना जास्त सक्रिय होता. घरचं उत्पन्न आणि ऐकलेल्या शब्दांची एकूण संख्या जमेस धरूनही हा संबंध टिकला.

दुसरीकडे मेक्सिकोतल्या त्सेल्ताल या माया भाषेच्या शेतकऱ्यांच्या गावांत तान्ह्या मुलांशी थेट बोलणं तासाला चार मिनिटांहून कमी भरलं. तिथली मुलंही पहिला शब्द आणि शब्दांची पहिली जोडणी साधारण वेळेवरच बोलतात. भाषेचा सांगाडा बहुतेक कुठेही उभा राहतो. शब्दसाठा मात्र मुलाशी कोण किती बोलतं त्यावर बराच हलतो, असा माझा यावरून निघालेला अंदाज.

मग माणसं मुलांशी कमी का बोलतात? आईबापांना समज नाही, हे उत्तर शहरात पटकन दिलं जातं, आणि मला ते अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या मोनिका एलवूड-लो आणि सहकाऱ्यांना २०२२ च्या अभ्यासात दिसलं, की महिनाअखेरीस, हातात पैसा नसताना पालक-मुलांमधला संवाद घटतो. माणसं तीच, मुलं तीच, फक्त तारीख बदलली. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांच्या २०१३ च्या अभ्यासात पीक हाती येण्याआधीच्या तंगीत त्याच शेतकऱ्यांची विचारशक्तीच्या चाचण्यांतली कामगिरी घसरलेली निघाली. कोरडवाहू विदर्भात अशी महिनाअखेर एकदम महिने-महिने चालते. पेरणीला उधार-उसनवार, पोळ्याला हात रिकामे, सोयाबीन सोंगून बाजारात गेलं की दिवाळीच्या सुमारास पैसा. तोही पाऊस आणि भाव बरे राहिले तर. निंदून घरी आलेल्या, कर्जाच्या हप्त्याचा हिशेब डोक्यात असलेल्या बाईला ‘मुलाशी रोज गप्पा मारा’ असं पत्रक देऊन काय होणार?

२०२३ मध्ये एलिका बर्गेलसन आणि सहकाऱ्यांनी १२ देशांतल्या, ४३ भाषांच्या परिसरातल्या १,००१ मुलांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईच्या शिक्षणाचा मुलाच्या बोलण्याच्या प्रमाणाशी ठळक संबंध सापडला नाही. आसपासचे मोठे किती बोलतात, याचा सापडला. मात्र इथे मोजलं ते मूल किती बोलतं, त्याला किती शब्द येतात हे नव्हे.

शब्दसाठ्याच्या चाचणीत मोजण्याचा हा घोळ आणखी वाढतो. वखर आणि डवऱ्यातला फरक, पऱ्हाटी, बोंड, सरकी, कुटार हे सगळे शेतीतले शब्द पाच वर्षांच्या वऱ्हाडी पोट्ट्याला येतात, पण चित्रं फ्रीज आणि लिफ्टची असली तर त्याचे गुण कमीच भरणार. मेळघाटातल्या कोरकू मुलाचं तर विचारूच नका. त्याची घरची भाषा मुंडा कुळातली, मराठीपासून पार वेगळी. अंगणवाडीत ते गप्प बसलं, तर आधी त्याच्याशी कोरकूत बोलून पाहायला हवं, आणि मगच त्याला भाषा कमी येते की नाही हे ठरवायला हवं.