जुहूवरचा शंख आणि ‘पाच मिनिटांत मृत्यू’

दर पावसाळ्यात एक फोटो फिरतो: ‘असा नक्षीदार शंख किनाऱ्यावर दिसला तर हात लावू नका, पाच मिनिटांत मृत्यू!’

यातला शंख खरा आहे. तो शंकूच्या आकाराचा, त्यावर जाळीसारखी तपकिरी नक्षी. हे ‘कोन स्नेल’चं कवच; ही उष्ण समुद्रांतली शिकारी गोगलगाय, मासे खाणारी. तिला ‘सिगारेट गोगलगाय’ म्हणतात, दंशानंतर एक सिगारेट ओढण्याइतकाच वेळ उरतो म्हणून. ही थट्टाच. विषाने श्वसनाचे स्नायू लुळे पडतात, जीव जाऊ शकतो, पण सहसा काही तासांत. वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. प्रतिविष मात्र नाही.

आता मुख्य मुद्दा. विष कवचात नसतं. जिवंत गोगलगाय सोंडेतून भाल्यासारखा पोकळ दात मारते. वाळूत सापडणारा रिकामा शंख निरुपद्रवी.

तपासायचं कसं? न उचलता, काडीने उलटा करून लांबट फट बघा. आत वाळू किंवा पोकळी दिसली तर बहुधा रिकामा. मांसल काही दिसलं, किंवा शंका आली, तर तिथेच सोडा. हाजी अलीच्या खडकांत ओहोटीला फिरताना हे विशेष पाळा, आणि शंख खिशात तर मुळीच टाकू नका.