परत चान्स घ्यायचा का? वारंवार गर्भपातानंतरचा निर्णय आणि विज्ञान

तीन वेळा गर्भ पडलेल्या बाईला पुढे मूल होण्याची शक्यता किती, असं घरात कोणालाही विचारलं तर उत्तर बहुधा ‘आता काही खरं नाही’ असंच येतं. ती स्वतःही मनात तेच धरून चाललेली असते. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी हा प्रश्न अंदाजावर सोडला नाही. तीन किंवा जास्त गर्भपात झाल्यामुळे कोपनहेगनच्या खास क्लिनिकमध्ये आलेल्या ९८७ बायकांचं पुढे काय झालं, हे त्यांनी देशाच्या जन्मनोंदणीतून शोधून काढलं. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या भेटीनंतर पाच वर्षांत त्यातल्या सुमारे ६७ टक्के बायकांना मूल झालं होतं, पंधरा वर्षांत ७१ टक्के.

म्हणजे तिघींपैकी दोघींना झालं आणि एकीला झालं नाही. परत चान्स घ्यायचा की नाही हे ठरवताना या दोन्ही गोष्टी समोर हव्यात. आपल्याकडे मात्र पहिली गोष्ट कोणी सांगत नाही आणि दुसरी बोलायला सगळे घाबरतात.

गर्भपात हा अपवाद नाही, इथून सुरुवात करू. दिवस गेल्याचं कळल्यानंतर साधारण १५ टक्के गर्भ टिकत नाहीत. एका वेळेची शक्यता शंभरात पंधरा असेल, तर निव्वळ योगायोगाने लागोपाठ तीनदा तसं होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास येते. प्रत्यक्षात तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्या बायका हजारात सात ते दहा आढळतात. याचा अर्थ काहींच्या बाबतीत मागे खरंच काही कारण आहे, पण बऱ्याच जणींच्या वाट्याला केवळ वाईट योगायोग तीनदा आला आहे. वयाबरोबर हे गणित बदलतं. चाळिशी ओलांडल्यावर तीनातला एक गर्भ पडतो असं धरा, की योगायोगाने तीनदा गर्भपात होण्याची शक्यता थेट सत्ताविसात एक होते. तिच्या शरीरात कुठलाही दोष नसताना.

हा योगायोग घडतो कुठे? बहुतेक वेळा स्त्रीबीजात. पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांमध्ये गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते, एखादं जास्त किंवा एखादं कमी. त्यातही सोळावं गुणसूत्र दोनऐवजी तीन असणं सर्वांत जास्त वेळा सापडतं, आणि असा गर्भ पूर्ण दिवस भरून जन्माला येऊ शकत नाही. बाईची सगळी स्त्रीबीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थांबून राहतात. पस्तिसाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या बीजाने पस्तीस वर्षांहून जास्त काळ वाट पाहिलेली असते. गुणसूत्रांच्या जोड्यांना बांधून ठेवणारी प्रथिनं या काळात सैल होत जातात आणि शेवटच्या वाटणीत चूक होते. वय वाढतं तसे गर्भपात वाढतात ते मुख्यतः यामुळे.

गुणसूत्रांचा हा हिशेब बहुतेक वेळा गर्भ पिशवीत रुजण्याआधीच ठरलेला असतो. मग तिने स्कूटर चालवली, पपई खाल्ली, पाण्याची बादली उचलली, अमावास्येला घराबाहेर गेली, यांपैकी कशानेही तो बदलत नाही. हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवायची वेळ आली तर जरूर दाखवावं.

दुसरा शिक्का असतो ‘पिशवी कमजोर आहे’ हा. याबद्दल नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथे २०१२ साली एक विलक्षण प्रयोग झाला. गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांच्या थरात एक रेघ खरवडली आणि त्या मोकळ्या जागेत टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांतून उरलेला, दान केलेला मानवी भ्रूण ठेवला. ज्यांना सहज मुलं झाली होती अशा बायकांच्या पेशी चांगल्या भ्रूणाच्या दिशेने सरकल्या, पण सदोष भ्रूण दिसला की हात आखडता घेतला. वारंवार गर्भपात झालेल्या बायकांच्या पेशी मात्र दोन्हींकडे सारख्याच ओढीने गेल्या. प्रयोग अगदी थोड्या बायकांच्या पेशींवर झालेला आहे, त्यामुळे त्याला सिद्धांत म्हणता येणार नाही. पण त्यातून पुढे येणारी कल्पना महत्त्वाची आहे. इतर बायकांमध्ये सदोष गर्भ रुजण्याआधीच निघून जातो, पाळी चार दिवस उशिरा येते आणि कोणाला काही कळतही नाही. या बायकांमध्ये तोच गर्भ रुजतो, टेस्ट पॉझिटिव्ह येते, घरात आनंद होतो आणि आठव्या आठवड्यात ठोके सापडत नाहीत. ‘मला दिवस लगेच राहतात हो, पण टिकत नाहीत,’ असं अनेक जणी सांगतात, ते या कल्पनेशी जुळतं. ज्या पिशवीला वर्षानुवर्षं कमजोर म्हणून हिणवलं, ती कदाचित गरजेपेक्षा जास्त स्वागतशील असेल.

तरीही कारण शोधायला हवं, कारण काही कारणांवर इलाज आहे. तपासण्या कधी सुरू करायच्या यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. युरोपातली प्रजननतज्ज्ञांची संघटना दोन गर्भपातांनंतर सुरू करा म्हणते, ब्रिटनमधली स्त्रीरोगतज्ज्ञांची संस्था तीन म्हणते. आपल्याकडे दोननंतर केल्या तर वावगं नाही, विशेषतः वय पस्तीसच्या पुढे असेल तर.

सर्वांत मोलाची तपासणी आहे अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमची. यात शरीराने स्वतःविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं वारेच्या जडणघडणीत अडथळा आणतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात. ल्यूपस अँटीकोअॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या त्याच्या रक्तचाचण्या. त्यांपैकी एक तरी किमान बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह आली तरच निदान पक्कं होतं. एकाच रिपोर्टवर रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं सुरू झाली असतील तर दुसऱ्या रिपोर्टचं काय, हे डॉक्टरांना विचारायला हवं. निदान पक्कं असेल तर मात्र इलाज खरोखर उपयोगी आहे. लंडनमध्ये १९९७ साली ९० बायकांवर झालेल्या अभ्यासात नुसती अॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के बायकांना मूल झालं, अॅस्पिरिन आणि हेपरिन दोन्ही घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के.

थायरॉइड आणि साखर तपासावी, आणि गर्भाशयाचा आकार थ्री-डी सोनोग्राफीत पाहावा. शंभरातल्या दोन ते पाच जोडप्यांत नवऱ्याच्या किंवा बायकोच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत जागा बदललेले असतात. ती व्यक्ती स्वतः ठणठणीत असते, पण बीजात माल कमीजास्त वाटला जातो. म्हणून नवऱ्यानेही रक्त द्यायचं असतं. तपासणीची फाइल फक्त बायकोच्या नावाची असणं ही आपली जुनी खोड आहे आणि ती मोडायला हवी.

एक तपासणी हातातून निसटते ती निव्वळ बाटलीमुळे. पिशवी साफ करताना निघालेला गर्भाचा अंश गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवता येतो, पण त्यासाठी तो निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवावा लागतो. ऑपरेशन थिएटरमध्ये सवयीने तो फॉर्मेलिनमध्ये टाकला जातो. फॉर्मेलिनमध्ये पेशी मरतात आणि गुणसूत्रांची नेहमीची तपासणी होऊ शकत नाही. त्यामुळे दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला क्युरेटिंग ठरलं असेल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांशी बोलून लॅब आणि बाटली दोन्ही नक्की करावं. रिपोर्टमध्ये मुलगा की मुलगी हे कळणार नाही, आपल्या कायद्याने ते सांगता येत नाही. पण गुणसूत्रांची संख्या चुकलेली निघाली, तर त्या खेपेचं कारण सापडलं आणि दोष बाईच्या पिशवीत नव्हता हे कागदावर येतं. अशा बायकांची पुढची शक्यताही तुलनेने चांगली असते.

याउलट, आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी टॉर्च टेस्ट, म्हणजे काही ठरावीक संसर्ग झाले होते का हे पाहणारी रक्तचाचणी. ती वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण सांगत नाही. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला यांसारखा संसर्ग एखादा गर्भ पाडू शकतो, पण एकदा होऊन गेला की शरीर बहुधा त्याच्याविरुद्ध सज्ज होतं, दर खेपेला तोच नवा होत नाही. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन गेला, इतकंच. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने ही तपासणी यासाठी बंदच करा असं २०११ मध्ये सांगितलं. तरी तिच्यावर पैसे खर्च होतात आणि त्यावर औषधांचे कोर्सही दिले जातात, याचा मला राग येतो.

सगळं तपासूनही निम्म्याच्या आसपास जोडप्यांना ‘कारण सापडलं नाही’ असं उत्तर मिळतं. ते ऐकून जीव घाबरतो. खरं तर फाइलमधला हा बऱ्यापैकी चांगला रिपोर्ट आहे. यांपैकी बहुतेकांना पुढे कुठल्याही खास औषधाशिवाय मूल होतं. पण रिकाम्या हाताने घरी जायचं कोणालाच नको असतं, म्हणून औषधं लिहिली जातात. २०१० साली नेदरलँड्समध्ये कारण न सापडलेल्या बायकांना अॅस्पिरिन आणि हेपरिन देऊन पाहिलं, फायदा दिसला नाही. नवऱ्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाईला टोचण्याचा उपचार काही ठिकाणी अजून सुचवला जातो. १९९९ साली अमेरिकेत नवऱ्याच्या पेशी वापरून त्याची काटेकोर चाचणी झाली, तेव्हा उपचार घेतलेल्यांचं यश न घेतलेल्यांपेक्षा कमी निघालं. महिनोन्‌महिने पलंगाला खिळून राहण्याने गर्भ टिकतो, याला पुरावा नाही. पिशवीच्या तोंडाला टाका घालणं हा चौथ्या-पाचव्या महिन्यात होणाऱ्या गर्भपातातल्या काहींसाठीचा इलाज आहे, आठव्या आठवड्यात थांबलेल्या ठोक्यांसाठी नाही.

प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे गर्भ टिकवायला लागणाऱ्या संप्रेरकाची, गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण त्याच्या गोळ्या जवळपास प्रत्येकीने घेतलेल्या असतात. २०१५ साली ८३६ बायकांवर चाचणी झाली. दिवस राहिल्याबरोबर प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांपैकी ६५.८ टक्के बायकांना मूल झालं, आणि बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपैकी ६३.३ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पण २०१९ मध्ये दुसरी, चार हजारांहून जास्त बायकांची चाचणी आली. तिच्यातल्या सगळ्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव होत होता. त्यांपैकी ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भपात झाले होते, त्यांच्यात प्रोजेस्टेरॉन घेतलेल्या ७२ टक्के बायकांना मूल झालं, न घेतलेल्या ५७ टक्के. तेव्हा पूर्वी गर्भपात झालेला असेल आणि या खेपेला डाग दिसला, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जावं.

शरीर तयार व्हायला किती दिवस लागतात? सहा महिने थांबा, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली दिला होता. पुढे स्कॉटलंडमध्ये तीस हजारांवर बायकांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा सहा महिन्यांच्या आत दिवस राहिलेल्यांचं काही बिघडलेलं दिसलं नाही, उलट त्यांचे निकाल थोडे चांगलेच होते. वय अडतीस असेल तर निव्वळ प्रथा म्हणून सहा महिने घालवू नयेत. फॉलिक अॅसिड सुरू करावं, दोघांनीही तंबाखू सोडावी, थायरॉइड आणि साखर ताब्यात आणावी.

मन तयार व्हायला लागणारा वेळ मात्र असा मोजता येत नाही. लंडन आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी २०२० साली ६५० हून जास्त बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. लवकर झालेला गर्भपात किंवा नळीत राहिलेला गर्भ यांनंतर महिनाभराने २९ टक्के बायकांत आघातोत्तर तणावाची लक्षणं होती. नऊ महिन्यांनीही ती १८ टक्के बायकांत टिकून होती. झोपेत सोनोग्राफीची खोली दिसणं, जावेच्या डोहाळजेवणाला जायच्या विचारानेच छाती धडधडणं, ‘काय, गोड बातमी कधी?’ हा प्रश्न येईल म्हणून लग्नकार्यं टाळणं. याला आजार म्हणून उपचार आहेत, समुपदेशन आहे, लागलं तर औषधंही आहेत. ‘अजून आकारही नव्हता त्याला, एवढं काय रडायचं’ असं म्हणणाऱ्यांना हे आकडे माहीत नसतात. नवरेही खचतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. नोकरी करणाऱ्या अनेक जणींना ठाऊक नसतं की १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली होती, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. दोन दिवसांच्या किरकोळ रजेवर भागवून ऑफिस गाठण्याची गरज नाही.

आता मूळ निर्णय. डेन्मार्कच्या त्याच अभ्यासात तीन गर्भपात झालेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के बायकांना पाच वर्षांत मूल झालं, सहा किंवा जास्त झालेल्यांपैकी ५० टक्के. विशीच्या पहिल्या निम्म्यातल्यांना ८१ टक्के, चाळिशीपुढच्यांना ४२ टक्के. डॉक्टरांकडे मागायची गोष्ट म्हणजे स्वतःच्या वयाचा आणि स्वतःच्या खेपांचा असा अंदाज. पण एकच आकडा ऐकून एक जोडपं पुढे जाईल आणि दुसरं थांबेल, आणि दोघांचंही बरोबर असेल. ‘आणखी एक गर्भपात झाला तर मी सावरेन का?’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं, आणि ते देण्याचा पहिला हक्क जिच्या शरीरात हे सगळं घडतं तिचा आहे. वंशाला दिवा हवा म्हणून धरलेला आग्रह वैद्यकीय सल्ल्यात बसत नाही.

पुढे जायचं ठरलं तर पहिल्या आठवड्यांची आखणी आधीच करावी: सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी, मग ठरावीक दिवसांनी पुन्हा, आणि शंका आली तर फोन करायला एक नक्की माणूस. नॉर्वेतल्या एका डॉक्टर जोडप्याने १९८४ मध्येच दाखवलं होतं की असा आधार मिळालेल्या बायकांचे निकाल चांगले येतात. तो अभ्यास आजच्या कसोट्यांना पुरेसा उतरत नाही, पण या आधाराचा तोटा काहीच नाही.

थांबायचं ठरलं, कायमचं किंवा वर्षभरासाठी, तर एक गोष्ट हमखास राहून जाते. गर्भनिरोधन. इतकी वर्षं मूल हवं म्हणून धडपडलेल्या जोडप्याला तो विषय काढणं विचित्र वाटतं, डॉक्टरही काढत नाहीत, आणि मग दर महिन्याला पाळी दोन दिवस लांबली की जुनी भीती आणि जुनी आशा दोन्ही परत सुरू होतात. तांबी बसवता येते, आणि मन बदललं तर काढल्यावर पुढच्याच महिन्यापासून दिवस राहू शकतात. अँटीफॉस्फोलिपिड असलेल्यांना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे त्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.