सालाझार पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष नव्हते

गोवा मुक्तिदिन जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक वाक्य हमखास फिरते: ‘१९६१ साली पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष सालाझार होते.’ हे चूक आहे. सालाझार १९३२ ते १९६८ पंतप्रधान होते. गोवा मुक्त झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते अमेरिकु तोमाश, नौदलातले वरिष्ठ अधिकारी.

तोमाश १९४४ ते १९५८ सालाझारांच्या मंत्रिमंडळात नौदलमंत्री होते. महायुद्धानंतर व्यापारी जहाजांचा जुनाट ताफा नवा करण्याची योजना त्यांच्याच कारकिर्दीतली. १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी सालाझारांच्या राजवटीने त्यांना विरोधी उमेदवार जनरल उंबेर्तु देल्गादु यांच्याविरुद्ध उभे केले. निवडणुकीत गैरप्रकाराचे आरोप झाले, आणि पुढे राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच बंद केली गेली. राजवट किती धास्तावली होती ते यातून कळते.

खरी सत्ता सालाझारांकडे होती, म्हणून हा गोंधळ. गोव्यातल्या सैन्याने मरेपर्यंत लढावे हा हुकूमही त्यांचाच. गव्हर्नर जनरल वासालु ई सिल्वा यांनी तो मानला नाही, म्हणून कितीतरी जीव वाचले. पण तोमाश यांना निव्वळ शोभेचे म्हणणे मला पटत नाही. १९६८ मध्ये आजारी सालाझारांना पदावरून दूर करून मार्सेलु कायतानु यांना नेमले ते तोमाश यांनीच. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने त्यांनाही पदच्युत केले.