प्रतिजैविक प्रतिरोध : आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि मराठवाडा

जंतूंवर पूर्वी लागू पडणारे औषध पुढे लागू न पडणे म्हणजे प्रतिजैविक प्रतिरोध. काटेकोर अर्थाने प्रतिजैविके जिवाणूंवरची; पण या विषयात विषाणू, बुरशी आणि परजीवी यांच्यावरील औषधेही येतात. ‘शरीराला गोळीची सवय झाली’ असे मराठवाड्यात सर्रास म्हटले जाते. ते चूक आहे. सवय होते ती जंतूला, आणि जंतू एका शरीरात, एका गावात किंवा एका देशात राहत नाही. हा प्रश्न एकट्या देशाला सुटण्यासारखा नाही, तो यामुळेच.

एनडीएम-१ हे जिवाणूंमधले विकर (एन्झाइम) त्याचे ठळक उदाहरण. कार्बापेनेम गटातील राखीव औषधे निकामी करणारे हे विकर २००८ मध्ये स्वीडनमधील एका रुग्णात सापडले. रुग्णावर त्याआधी भारतात उपचार झाले होते, म्हणून विकराच्या नावात नवी दिल्ली आली. भारतात त्यावर मोठी नाराजी उमटली. नाव लावण्याची घाई झाली हे खरे. पण त्या वादात जंतू मागे पडला आणि अब्रूच पुढे आली. कोलिस्टिनच्या बाबतीत मात्र गोष्ट सरळ झाली. या शेवटच्या फळीतील औषधाला दाद न देणारे आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारे एमसीआर-१ जनुक चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. चीनने २०१७ मध्ये जनावरांची वाढ व्हावी म्हणून कोलिस्टिन खाद्यात घालणे बंद केले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेली जनावरे आणि कोंबड्यांसाठी त्याच्यावर बंदी आणली. एका देशातली नोंद दुसऱ्या देशाच्या राजपत्रापर्यंत पोचायला चार वर्षे लागली, आणि या क्षेत्रात हा वेग बराच म्हणावा लागेल.

सहकार्याची चौकट जागतिक आरोग्य संघटनेच्या मे २०१५ मधील जागतिक कृती आराखड्यापासून धरली जाते. त्याच वर्षी देशोदेशींच्या प्रयोगशाळांतील प्रतिरोधाची आकडेवारी एकत्र करणारी ‘ग्लास’ ही यंत्रणा सुरू झाली. भारताचा राष्ट्रीय आराखडा एप्रिल २०१७ मध्ये आला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने खरी अंमलबजावणी राज्यांकडे जाते. केरळने २०१८ मध्ये स्वतःचा आराखडा करून पहिला मान मिळवला. माणूस, जनावर, पीक आणि पाणी यांचा एकत्र विचार करण्यासाठी आरोग्य, अन्न व शेती आणि पशुआरोग्य या तीन जागतिक संघटना आधीपासून मिळून काम करत होत्या. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम त्यांना येऊन मिळाला.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या विषयावर दोनदा उच्चस्तरीय बैठक झाली, २०१६ आणि २०२४ मध्ये. २०१९ मध्ये जगात सुमारे ४९.५ लाख मृत्यू प्रतिरोधी जिवाणूंशी निगडित होते, त्यांतले १२.७ लाख थेट प्रतिरोधामुळे, असा अंदाज आहे. २०२४ च्या घोषणापत्राने हे ४९.५ लाख मृत्यू २०३० पर्यंत १० टक्क्यांनी घटवायचे ठरवले. माणसांत वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के साध्या, कमी धोक्याच्या गटातली असावीत, असेही त्यात आहे. शेतीतील वापराचे शब्द मात्र सैल राहिले, टक्केवारीचे बंधन तेथे आले नाही. पैशाची बाजू याहून लंगडी आहे. गरीब देशांत प्रयोगशाळा उभ्या करण्यासाठी ब्रिटनने काढलेला फ्लेमिंग फंड बंद करत असल्याचे त्याच सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले.

सहकार्य फळाला आल्याचे एक उदाहरण मराठवाड्याच्या वाचकाला नावामुळेच लक्षात राहील. २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानातील सिंधमधल्या हैदराबादेत विषमज्वराची अशी साथ उठली, की सेफ्ट्रिअॅक्सोनसह बहुतेक औषधे तिच्यापुढे निरुपयोगी ठरली. ती आटोक्यात आणण्यासाठी वापरलेली संयुग्मित (जंतूचा अंश प्रथिनाला जोडून केलेली) लस आपल्या दख्खनच्या हैदराबादेत तयार झालेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली, ‘गावी’ या आंतरराष्ट्रीय लस संस्थेने पैसा पुरवला, आणि २०१९ मध्ये पाकिस्तानने ती नियमित लसीकरणात घेतली. असे करणारा तो पहिला देश. दोन्ही देशांचे संबंध तेव्हा ताणलेले होते, हे वेगळे सांगायला नको.

मराठवाड्यात हा विषय मेडिकलच्या काउंटरवर भेटतो. ‘दोन टायमाच्या गोळ्या द्या, भारीतल्या’ असे गिऱ्हाईक सांगते. दुकानदार पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या कागदात बांधतो. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फळीवर, पुढच्या तापासाठी. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या, औषध नियमांतील अनुसूची एच-१ नुसार तिसऱ्या पिढीची सेफालोस्पोरिन, कार्बापेनेम आणि क्षयाची औषधे विकताना डॉक्टर व रुग्णाचे नाव वहीत लिहून ठेवावे लागते. वही असते, कात्रीही असते. बीड, परळीकडचे ऊसतोड मजूर दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात, तेव्हा अर्धवट उपचार एका जिल्ह्यात सुरू होऊन दुसऱ्या राज्यात तुटतो. कोणते औषध लागू पडेल हे कल्चर तपासणीतून कळते. तिला दोन-तीन दिवस लागतात आणि बहुतेकांना त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे घाटी हे सरकारी रुग्णालय किंवा अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. मजुरी बुडवून तीन दिवस थांबणार कोण?

गोठ्यातही तेच. म्हशीच्या कासेला दगडी (कासदाह) झाली, की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. औषधाचा अंश निघून जाईपर्यंत दूध डेअरीला घालू नये, असे ट्यूबच्या डब्यावर लिहिलेले असते. पण गावच्या संकलन केंद्रावरचे यंत्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनघटक) दाखवते, औषधाचा अंश दाखवत नाही. घरखर्च दुधाच्या पगारावर चालत असेल तर दूध डेअरीत जाते. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये या भागासाठी म्हणूनच महत्त्वाची आहेत.

शेतीचा मुद्दा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. डाळिंबावरील तेल्या रोग जिवाणूंमुळे होतो, आणि त्यावर शेतकरी ‘स्ट्रेप्टो’ची पुडी ताम्रयुक्त बुरशीनाशकात मिसळून फवारत आले आहेत. त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असते. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे जुने औषध. शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये काढला. बागायतदाराचा प्रश्न साधा असतो : मग तेल्यावर काय मारायचे? बंदी आणणाऱ्याने याचे उत्तर आधी द्यायला हवे होते.

नव्या औषधांच्या शोधात मात्र मराठवाड्याचे नाव आहे. मोठ्या कंपन्यांनी नफा नाही म्हणून या संशोधनातून अंग काढून घेतले असताना, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्ट या औषध कंपनीने नॅफिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक विकसित केले. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅक या संस्थेचे त्याला साहाय्य होते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ते दिल्लीत सादर झाले. समाजात लागण होणाऱ्या जिवाणूजन्य न्यूमोनियासाठी ते आहे, दिवसातून एकदा, तीन दिवस. चौथ्या दिवशी फळीवर ठेवायला त्यातली गोळी उरत नाही.