आजोबा सॅपर होते, कैदेत होते : त्यांची नोंद कशी शोधायची

खानदेशातल्या कितीतरी घरांत एक वाक्य अजून ऐकू येतं, "बाबा इटलीनी कैदमा व्हतात." त्यापुढचं कोणालाच सांगता येत नाही. कोणती कंपनी, कुठे पकडले, कसे सुटले, सगळं बाबांबरोबर गेलं. दुसऱ्या महायुद्धात सॅपर म्हणून, म्हणजे पूल बांधणारे आणि उडवणारे सैनिक म्हणून, गेलेल्या आणि कैद भोगून आलेल्या, किंवा न आलेल्या, माणसांच्या घरच्यांसाठी हे पत्रक आहे.

सुरुवात माळ्यावरून करा

आमच्याकडे येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "लंडनहून कागद मागवता का?" मागवता येतात, पण आधी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवा. आपल्याला हवा आहे लष्करी नंबर. तो डिस्चार्जच्या कागदावर, पगाराच्या पुस्तकात, कैदेतून आलेल्या कार्डावर नावाच्या आधी लिहिलेला असतो. एकाच नावाची माणसं अनेक असतात, नंबर मात्र एकाचाच.

कैदेतलं कार्ड सापडलं तर त्यावरचे शिक्के नीट बघा. 'क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट' हा लांबलचक शब्द म्हणजे जर्मन भाषेत 'युद्धकैद्यांची टपाल'. इटलीतल्या कार्डावर छावणीचा आकडा असतो. ९१ असेल तर ती आवेझ्झानोची छावणी, तिथे हिंदी कैदी ठेवले होते. पदकंही बोलतात. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची, मधोमध लाल पट्टा. पॅसिफिक स्टारची फीत हिरवी, मधे पिवळा पट्टा. मलायात लढलेल्यांना हा दुसरा स्टार मिळत असे. पदकं चिंचेने घासू नका आणि जुने कागद लॅमिनेट करू नका. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा दुरुस्त करता येत नाही, हे कळकळीने सांगतो.

नाव कसं लिहायचं

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. आमच्या चुलत आजोबांच्या वेळी आम्हीही इथेच अडलो. अर्जात पूर्ण नाव, आडनाव पाटील आणि जिल्हा जळगाव लिहिला. आठ महिन्यांनी उत्तर आलं, नोंद नाही. त्या काळच्या भरतीत पुष्कळदा स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहीत, आडनाव नसेच. आणि तेव्हा जळगाव जिल्हा नव्हता. १९०६ पासून पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे होते. आजचा जळगाव म्हणजे पूर्व खानदेश. धुळे आणि नंदुरबार पश्चिम खानदेशात, नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. आम्ही अर्ज पुन्हा केला, आडनाव गाळलं, 'तालुका एरंडोल, पूर्व खानदेश' लिहिलं, आणि एक ओळ हाती आली : नंबर, नाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख. आत्या त्या ओळीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत होती.

अर्ज कुठे करायचा

आपल्याकडचे सॅपर बहुतेक खडकीचे, म्हणजे तेव्हाच्या रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सचे. आज तो बॉम्बे इंजिनिअर ग्रुप. त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करताना नात्याचा पुरावा जोडा. पेन्शन नसलेल्या शिपायाचे कागद मुदत संपल्यावर नष्ट केले जातात, म्हणून 'सर्व्हिस रेकॉर्ड' एवढंच मागू नका. 'लाँग रोलमधील नोंदीचा उतारा' असं स्पष्ट लिहा. लाँग रोल म्हणजे प्रत्येक शिपायाची ओळभर नोंद असलेली वही, ती कायम जपली जाते. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एकदा चौकशी करा.

कंपनीचा आकडा कळला की पुढचं दार उघडतं. प्रत्येक युनिट रोज वॉर डायरी लिहीत असे. आफ्रिका आणि मध्यपूर्वेच्या डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यू.ओ. १६९ या मालिकेत आहेत, मलाया-ब्रह्मदेशाच्या १७२ मध्ये. त्यात साध्या सॅपरचं नाव सहसा नसतं, पण त्या दिवशी कंपनी कुठे होती, कोणता पूल बांधला किंवा उडवला, हे मिळतं. सॅपर कैदेत का सापडत, तेही तिथेच उमगतं. माघारीत सगळे पार झाल्यावर पूल उडवायला मागे राहणारा सॅपरच असे.

घरातल्या गोष्टींना खोटं समजू नका

"बाबा इटलीत होते" असं एक काका सांगतो, दुसरा म्हणतो जर्मनीत. दोघंही खरं सांगत असतील. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली. काही कैदी डोंगरात पळाले, पुष्कळांना जर्मनांनी उत्तरेला नेलं. फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर मे १९४४ मध्ये बॉम्ब पडले, तेव्हा शेकडो हिंदी कैदी निसटून स्वित्झर्लंडला पोहोचले. तेव्हा "बाबा चालत स्वित्झर्लंडला गेले" यावर हसू नका. युरोपातल्या कैद्यांची माहिती जिनिव्हाच्या रेड क्रॉसकडे मागता येते. तिथे अर्ज वर्षातल्या ठरावीक काळातच घेतात.

सिंगापूरचं प्रकरण जास्त अवघड. १५ फेब्रुवारी १९४२ ला तिथे सुमारे ४० हजार हिंदी सैनिक कैद झाले. जपानने कैद्यांविषयीच्या जिनिव्हा कराराला मान्यता दिली नव्हती, त्यामुळे याद्या तुटक आहेत. काही जण आझाद हिंद सेनेत गेले, काही गेले नाहीत, काहींना न्यू गिनीकडे मजुरीला नेलं. परतल्यावर आझाद हिंद सेनेशी कोणाचा किती संबंध होता याची चौकशी होऊन 'व्हाइट', 'ग्रे', 'ब्लॅक' असे शेरे पडले. 'ब्लॅक' ठरलेल्यांना नोकरीवरून काढलं आणि पगार जप्त केला. कागदावर असा शेरा दिसला तर लाजू नका, लपवू नका. जे परतलेच नाहीत त्यांची नावं कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या यादीत फुकट बघता येतात. पुष्कळांची सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत. शोधताना नावासोबत 'खानदेश' हा शब्द टाकून पाहा.

आम्ही काय करतो

अर्ज लिहून देतो, इंग्रजी आणि रोमन उर्दूतले कागद वाचून मराठीत समजावतो, विदेशी पत्रव्यवहार सांभाळतो. पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही. नोंद सापडेलच अशी हमी देत नाही. येताना मूळ कागद आणू नका, दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढून आणा. आणि घरात आजी किंवा आत्या असेल तर आजच तिच्याजवळ बसा, बाबा कोणत्या गाडीने गेले, कोणत्या सणाला परतले ते विचारा, आणि ती सांगेल तसंच लिहून आणा.