पर्यावरणवादातील लोकसंख्या-नियंत्रणाचा विचार

निसर्गाच्या ऱ्हासाचे मूळ माणसांच्या संख्येत आहे आणि ती घटवणे, प्रसंगी सक्तीने, हेच पर्यावरणरक्षण आहे, असे मानणारी विचारसरणी. तिची मुळे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ टॉमस माल्थसच्या 1798 मधील लोकसंख्येवरच्या निबंधापर्यंत जातात. पर्यावरण चळवळीत ती जोमाने रुजली ती 1968 मध्ये. त्या वर्षी अमेरिकी जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांचे ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ हे पुस्तक आले. त्याच वर्षी अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी मुले जन्माला घालण्याची मोकळीक परवडणारी नाही असे मांडले. 1974 मध्ये तर त्यांनी श्रीमंत देशांना जीवरक्षक होडीची उपमा दिली आणि पाण्यात पडलेल्यांना आत घेऊ नये, असा निष्कर्ष काढला.

एर्लिक यांचे पुस्तक दिल्लीतल्या एका टॅक्सीप्रवासाने सुरू होते. उकाड्याची रात्र, आणि रस्त्यावर जेवणारी, धुणारी, झोपलेली, भांडणारी माणसे. लोकसंख्येचा प्रश्न आपल्याला आतून कळला तो त्या रात्री, असे लेखक सांगतो. त्या काळी पॅरिस महानगरात दिल्लीपेक्षा कितीतरी जास्त लोक राहत होते. पण तिथली माणसे कुणाला जादा वाटली नाहीत. दिल्लीत टॅक्सीच्या काचेतून दिसली ती गरिबी. तिला नाव मिळाले गर्दीचे. या विचारातला पहिला नैतिक धोका इथेच आहे: ‘फार माणसे’ म्हणताना बोलणारा स्वतःला त्यांत धरत नाही.

एर्लिक आणि अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन होल्ड्रेन यांच्या सूत्रात पर्यावरणावरचा भार म्हणजे लोकसंख्या, संपन्नता आणि तंत्रज्ञान यांचा गुणाकार. म्हणजे उपभोगही त्यात आहेच. तरी बोट जाते ते पहिल्या घटकाकडे, कारण तिथे बदलायचे असते दुसऱ्याचे आयुष्य. जगातील सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोक कार्बन उत्सर्जनाच्या सुमारे निम्म्या वाट्याला कारणीभूत आहेत; गरीब अर्ध्या जगाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. जिथे जन्मदर सर्वाधिक, तिथे दरडोई उत्सर्जन बहुधा सर्वांत कमी.

दुसरा धोका शरीरावर उतरतो. भारतात आणीबाणीच्या काळात, 1976-77 या एका वर्षात, 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. पेरूमध्ये 1996 ते 2000 दरम्यान अडीच लाखांहून अधिक स्त्रियांची नसबंदी झाली. त्यांत क्वेचुआ ही तिथली आदिवासी भाषा बोलणाऱ्या, ग्रामीण, गरीब स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ, वापरात नसलेल्या एका रुग्णालयाच्या इमारतीत, एकाच शल्यचिकित्सकाने काही तासांत 83 स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या जिल्ह्यातील शिबिरांनंतर किमान 13 जणी दगावल्या. या मोहिमा पर्यावरणाच्या नावाने झाल्या नव्हत्या, हे खरे. पण बाईऐवजी उद्दिष्टाचा आकडा दिसू लागला की काय होते, ते त्यांनी दाखवले. आणि आज पृथ्वी वाचवण्यासाठी जे आकडे मागतात, त्यांनी याच मोहिमांकडे पाहायला हवे.

गर्भनिरोधनाची साधने मागेल तिला मिळणे ही याहून अगदी वेगळी गोष्ट. 1994 मध्ये कैरो इथे झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या परिषदेत 179 देशांनी हा फरक मान्य केला: लोकसंख्येची उद्दिष्टे बाजूला ठेवून स्त्रीचे आरोग्य, शिक्षण आणि निर्णयाचा हक्क धोरणाच्या केंद्रस्थानी आला. भारतातील नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला मात्र 2016 मध्ये सांगावे लागले.