शहाळं म्हणजे सलाईन नव्हे

मे महिन्यात दुपारभर मळ्यात क्रिकेट खेळून आलेला मुलगा पडवीत आडवा झाला की घरात दोन आवाज उठतात. आजी म्हणते, ‘शहाळं सोला रे कोणीतरी.’ आई म्हणते, ‘ओआरएसचं पाकीट कुठे ठेवलं?’ दोघींच्या लेखी वस्तू एकच. एक माडावरची, एक मेडिकलमधली, जुलाबात पाण्यात कालवून पाजतात ती मीठ-ग्लुकोजची भुकटी.

पण घामातून पाण्याबरोबर जातं ते मुख्यतः मीठ, म्हणजे सोडियम. जुलाबात तर ते फारच जातं. शहाळ्यात भरपूर असतं पोटॅशियम, सोडियम बेताचंच. ओआरएसमध्ये उलट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. यातलं ग्लुकोज चवीसाठी नाही. आतड्याच्या भिंतीतून ते सोडियमला सोबत घेऊन आत शिरतं आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातं. जुलाब होत असतानाही ही वाट बहुधा चालू असते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे रोगी वाचवले.

म्हणून माप चुकवायचं नाही. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच, आणि उरलं तर २४ तासांनी ओतून द्यायचं. ‘जरा कडक करू’ म्हणून तांब्याभर पाण्यात अख्खं पाकीट ओतणारे आमच्याकडे आहेत. त्याने जुलाब वाढू शकतात. फळांच्या चवीच्या गोड पेयांचे बहुतेक खोके तर ओआरएस नव्हेतच.

आता त्या पडवीतल्या मुलाचं. त्याला जुलाब नाहीत, उलटी नाही, नुसती तहान लागलीय. त्याला साधं पाणी द्या, मग जेवायला वाढा. गेलेलं मीठ आमटीतून भरून येतं. वर शहाळं प्यायला तर मजेत पिऊ दे. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो, अंग थंड होत नाही. त्यामुळे खेळून आल्यावर एकदम ढोसण्यापेक्षा खेळताना मधे मधे प्यायलेलं बरं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय.

मुलींचं दुखणं वेगळं. सकाळी भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच परत आली तर तिला ओरडण्याआधी शाळेतलं स्वच्छतागृह कसं आहे ते विचारा. पुष्कळ मुली तिथे जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. यावर शहाळंही उपयोगाचं नाही आणि पाकीटही.

आजी मात्र अगदीच चुकत नाही. जुलाब लागल्यावर पाकीट हाताशी नसेल तर तिच्याच चुलीवरची मीठ घातलेली पातळ पेज शहाळ्यापेक्षा ओआरएसच्या जवळची. भातातल्या स्टार्चचं आतड्यात ग्लुकोजच होतं, आणि मीठ तिने आधीच घातलेलं असतं.